घोडामाशाचा शेजार

(भाषणाचा मजकूर)



सार्वजनिक मत्स्यालय पाहावयास आलेली शाळेची मुले एका टाकीपुढे हटकून थबकतात. ती टाकी घोडामाशाची असते. घोड्यासारखे तोंड, कांगारूसारखी पोटावरची पिशवी, माकडासारखी गुंडाळली जाणारी शेपटी आणि या सर्व सरंजामासह उभ्यानेच पोहण्याची ती संथ, काहीशी दरबारी रीत! हा मासा आहे हेच मुलांना मुळी पटत नाही. मग एखादा चौकस मुलगा गुरुजींना विचारतो की, पलीकडच्या टाक्यांतून रंगीबेरंगी माशांची एवढी झुंबड उडालेली असताना या टाकीत मात्र चारदोन घोडामासे, थोडे शेवाळ आणि तळाशी दोनचार शंख एवढेच का? जागा तर पुष्कळ आहे. आणखी मासे का सोडले नाहीत?

प्रश्न बालसुलभ असला तरी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय सांभाळणाऱ्या जाणत्या माणसालाही तो वर्षानुवर्षे पुरला आहे. घोडामाशाच्या टाकीत शेजारी म्हणून कोणाला ठेवावे आणि कोणाला ठेवू नये, याचा निर्णय चुकला तर त्याची किंमत घोडामासाच मोजतो. आणि तीही इतक्या निमूटपणे मोजतो, की पाळणाऱ्याच्या ते ध्यानात येईपर्यंत बहुधा वेळ निघून गेलेली असते.

या विषयाचा विचार करण्यापूर्वी कायद्याची बाजू स्पष्ट करणे अगत्याचे आहे. घोडामासा आणि त्याच्या कुळातील नळीमासे यांचा केंद्र शासनाने २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समावेश केला. तेव्हापासून आपल्या समुद्रातील घोडामासा पकडणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा ठरतो. मग तो जिवंत असो वा वाळवलेला असो. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ या करारातही घोडामाशाच्या सर्व जातींचा दुसऱ्या परिशिष्टात अंतर्भाव करण्याचा निर्णय २००२ मध्ये झाला व मे २००४ पासून तो अमलात आला. परदेशी मत्स्यपालकांचा घोडामासा आज मुख्यतः उबवणी केंद्रात जन्मलेला असतो. हवाई बेटांतील कोना आणि ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील ब्यूटी पॉइंट ही अशा पैदाशीची नावाजलेली ठिकाणे होत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही घोडामाशाच्या पैदाशीचे प्रयोग झाले आहेत. तात्पर्य, पुढील विवेचन हौशी गृहस्थाने उद्याच टाकी आणावी यासाठी नाही. मत्स्यालयांची व्यवस्था पाहणारे, मुलांना मत्स्यालय दाखवणारे आणि किनाऱ्यावरच्या गावात राहणारे यांना त्याचा उपयोग अधिक आहे. त्याचे कारण शेवटी स्पष्ट होईल.

प्रथम या प्राण्याची शरीररचना पाहू. त्याच्या अंगावर खवले नाहीत. कातडीखाली हाडांच्या कड्यांचे चिलखत आहे. चिलखत घातलेल्या शिपायाला जसे धावता येत नाही, तसेच याचेही आहे. इतर मासे शेपटीच्या फटकाऱ्याने पुढे जातात. याच्या शेपटीला पर नाहीच, कारण शेपटीचे काम धरून राहण्याचे. पुढे जाण्याचा सारा भार पाठीवरच्या एका चिमुकल्या परावर. तो पर सेकंदाला तीसपस्तीस वेळा फडफडतो, तेव्हा कुठे हे धूड हलते. घोडामाशाच्या चाळीसहून अधिक जाती आहेत. त्यांतील अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा खुजा घोडामासा तासाला जेमतेम दीड मीटर जातो आणि जगातील सर्वांत संथ मासा म्हणून त्याची नोंद झालेली आहे.

अशा संथ प्राण्याचे पोट कसे भरते? तो शिकारीच्या मागे जात नाही. शेपटीने गवताच्या पात्याला वा प्रवाळाच्या फांदीला विळखा घालून तो निश्चल बसतो. त्याचे दोन्ही डोळे एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात. जवळ्यासारखा एखादा बारीक जीव नळीसारख्या तोंडाच्या टप्प्यात आला, की मान झटक्यात वर येते आणि सावज नळीतून आत ओढले जाते. हे सारे सेकंदाच्या काही सहस्रांशात घडते. डोक्याची घडणच अशी आहे की पुढचे पाणी हलत नाही, त्यामुळे सावजाला चाहूल लागत नाही. स्थिर पाण्यात याच्या तोंडून सावज क्वचितच सुटते. तेव्हा याला आळशी म्हणणे अन्यायाचे ठरेल. हा दबा धरून बसणारा निष्णात शिकारी आहे; मात्र त्याला पाणी शांत हवे आणि वेळ पुरेसा हवा.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. घोडामाशाला दात नाहीत आणि जठरही नाही. गिळलेले अन्न साठवून ठेवण्याची सोय त्याच्या देहात नाही. अन्न आतड्यातून झपाट्याने पुढे सरकते, आणि म्हणून त्याला वरचेवर खावे लागते. मत्स्यालयात वाढ झालेल्या घोडामाशालाही दिवसातून दोनतीन वेळा खाऊ घालावे लागते, पिलांना तर त्याहूनही अधिक वेळा. एक दिवसाचा उपास इतर माशांच्या अंगी लागतो. याला मात्र तो मानवत नाही.

आता लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणावी. पानावर एक वयोवृद्ध आजोबा बसले आहेत. दात नाहीत, हात कापतो, प्रत्येक घास न्याहाळून घेण्याची सवय. शेजारी कुस्ती खेळून आलेले चार तरुण बसले आहेत. तरुण वृत्तीने अत्यंत सज्जन आहेत. आजोबांना कोणी धक्का देत नाही की उणा शब्द बोलत नाही. परंतु वाढप्याने एकच ताट मध्यभागी ठेवले आणि ज्याने त्याने त्यातून घ्यावे असे ठरले, तर आजोबा पहिला जिलबीचा तुकडा उचलण्यापूर्वीच ताट रिकामे झालेले असेल. मत्स्यालयातील प्रत्येक जेवण अशा एकाच ताटातले असते.

टाकीतील शेजारी निवडताना सर्वांत मोठी चूक होते ती इथेच. दुकानदार आणि पुष्कळशी पुस्तके माशांची ‘शांत’ आणि ‘भांडखोर’ अशी विभागणी करतात. पाळणारा आपल्या परीने काळजी घेतो आणि शांत गटातील मासा आणतो. तो मासा खरोखरच कोणाला चावत नाही. मात्र अन्न पाण्यात पडताच तो विजेसारखा झेपावतो. घोडामासा एक डोळा फिरवून सावजाचा अंदाज घेत असतानाच ते सावज नाहीसे होते. हातातोंडाशी आलेला घास दुसऱ्याने न्यावा, असे दिवसातून तीनदा आणि रोज घडते. पाळणाऱ्याला दिसते ते इतकेच, की टाकीत अन्न टाकले आणि ते सर्वांनी मिळून संपवले. टाकीत मारामारी नाही, रक्त नाही, फाटलेला पर नाही. पंधरा दिवसांनी घोडामाशाच्या पोटाकडची कडी आत ओढल्यासारखी दिसू लागतात आणि मग एके दिवशी तो तळाशी आडवा पडलेला आढळतो. चावणारा शेजारी ओळखू तरी येतो. घाईने जेवणारा सज्जन शेजारी अखेरपर्यंत ओळखू येत नाही.

या कसोटीवर पारखले असता अनेक लोकप्रिय मासे आपोआप बाद होतात. टँग आणि रास या कुळांतील मासे सुंदर खरे, पण दिवसभर टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालणारे. अशांच्या वर्दळीत दबा धरणाऱ्याचे चित्त थाऱ्यावर राहत नाही. डॅमसेल जातीचा मासा बोटाएवढा, पण हद्दीच्या बाबतीत एखाद्या बांधकऱ्यासारखा कडवा. ट्रिगर फिश आणि आपल्या कोकणात केंड म्हणून ओळखला जाणारा फुगणारा मासा यांना दिसेल त्याचा चावा घेऊन पाहण्याची खोड आहे. घोडामाशाची गुंडाळलेली शेपटी आणि पाठीवरचा हलता पर हे त्यांना आयते खेळणे. मोठ्या तोंडाच्या हेकरूविषयी तर बोलावयासच नको.

विदूषक मासा, म्हणजे ज्याला इंग्रजी नावाने क्लाउनफिश म्हणतात तो नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा, याचा विचार मात्र वेगळा करावा लागेल. हा मासा आता आपल्याकडेही पैदास केंद्रात तयार होतो. ठाणे खाडीच्या काठी ऐरोली येथे राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाने लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या सहकार्याने अशा शोभिवंत सागरी माशांचे उबवणी केंद्र उभारले आहे आणि समुद्रातून मासे उपसण्याऐवजी ते केंद्रात वाढवावेत हा विचार सर्वथा स्वागतार्ह आहे. साहजिकच मत्स्यालयात पहिला मासा येतो तो हा, आणि घोडामाशाच्या टाकीतही तोच सोडण्याचा मोह होतो. हा मोह आवरावा. विदूषक मासा वयात आला की जागेचा मालक होतो व शेजाऱ्याला हुसकावतो. शिवाय त्याचे घर म्हणजे समुद्रपुष्प. फुलासारखा दिसणारा तो प्राणी आपल्या दंशपेशींनी भक्ष्याला बधिर करतो. विदूषक माशाला त्याचा दंश बाधत नाही, पण घोडामासा बिचारा खुंट समजून त्यालाच शेपटीचा विळखा घालतो! चपळ मासा दंश होताच दूर पळतो. घोडामाशाला पळणे ठाऊक नाही, आणि भाजलेल्या जागी जंतूंचा शिरकाव होतो.

याच कारणास्तव प्रवाळांचीही निवड पारखून करावी लागते. लांब झुबकेदार स्पर्शिकांचे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि केसांसारखे बारीक वाढणारे हायड्रॉइड हे सारे दंश करणारे आहेत. त्याउलट चामड्यासारख्या अंगाचे मृदू प्रवाळ आणि पंख्याप्रमाणे फांद्या फुटलेले गोर्गोनियन हे उत्तम. किंबहुना गोर्गोनियनची फांदी हा घोडामाशाचा आवडता खुंट होय. तो नसेल तर शेवाळाची झुबकेदार वाढ चालते, प्लास्टिकची फांदीही चालते. खुंट कशाचा आहे याविषयी घोडामाशाचा आग्रह नसतो. तो डसू नये इतकेच.

मग शेजारी म्हणून योग्य कोण? आपल्या खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्याच नात्यातले गोबी नावाचे लहान मासे घोडामाशाला चांगले शेजारी ठरतात. ते तळाशी किंवा दगडाच्या कपारीत बसतात. त्यांना लागणारे अन्न थोडे, आणि ते आपल्या जागेवरूनच ते टिपतात. फायरफिश हा ज्वालेसारख्या शेपटीचा मासा स्वभावाने इतका भित्रा, की त्याच्यापासून कोणाला उपद्रव होण्याऐवजी त्यालाच इतरांपासून जपावे लागते. मात्र घाबरला की तो टाकीबाहेर उडी घेतो, म्हणून वर जाळीचे झाकण हवे.

इंडोनेशियातील बांगाई बेटांच्या परिसरातला कार्डिनल मासा हा आणखी एक संथ आणि सभ्य शेजारी. घोडामाशाशी त्याचे एक विलक्षण साम्य आहे. घोडामाशाचा नर अंडी आपल्या पोटावरच्या पिशवीत वाढवतो. या कार्डिनलचा नर ती तोंडात धरून उबवतो आणि त्या काळात स्वतः उपाशी राहतो. एका टाकीत असे दोन कर्तव्यतत्पर पिते पाहावयास मिळणे हा मुलांसाठी मोठाच योग म्हणावा लागेल. परंतु या माशाचे मूळ वसतिस्थान अगदी छोटे आहे आणि शोभेच्या व्यापारासाठी तो इतका पकडला गेला, की २००७ मध्ये त्याची गणना संकटग्रस्त जातींत करावी लागली. तेव्हा तो पैदास केंद्रातलाच घ्यावा, समुद्रातला घेऊ नये.

मँडरिन नावाच्या, मोराच्या पिसाऱ्यासारख्या रंगाच्या माशाविषयी थोडे सावधपणे बोलावयास हवे. घोडामाशाला तो काहीही करीत नाही. तळावरून हळूहळू सरकत तो कोपेपॉड नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव टिपत राहतो. पण त्याची सारी उपजीविका या जिवंत जीवांवर असल्याने, नव्याने भरलेल्या स्वच्छ टाकीत तो स्वतःच उपासमारीने मरतो. पाण्यात दगड घालून टाकी वर्षभर मुरू दिली असेल, तिच्यात अशा जीवांची वाढ आपोआप होत असेल, तरच त्याला आणावे. एका उपाशी प्राण्याला सोबत म्हणून दुसरा उपाशी प्राणी देण्यात काय हशील?

माशांखेरीज इतर जीवांत शंख आणि समुद्री गोगलगायी निर्धोक आहेत, शिवाय उपयोगीही आहेत. घोडामासा सांडउबरा फार करतो. तळाशी साचलेले अन्न कुजले तर पाणी बिघडते, ते साफ करण्याचे काम त्या बिनबोभाट करतात. सफाई करणारी कोळंबीही चालते, फक्त ती पुरेशी मोठी असावी. लहान असेल तर घोडामासा तिला शेजारी न समजता न्याहारी समजेल. शंखात राहणारे अगदी लहान खेकडे काही जण ठेवतात, परंतु उघडा खेकडा वा कुर्ली मुळीच नको. रात्री खुंटाला धरून झोपलेल्या घोडामाशाची शेपटी त्याच्या नांगीच्या टप्प्यातच असते.

आता सर्वांत अनपेक्षित भाग. घोडामाशाला सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे नळीमासा. तोही संथ, तोही नळीतून खाणारा. पंगतीच्या दृष्टीने याहून योग्य शेजारी सापडणार नाही. तरीही जाणते लोक या दोघांना एकत्र ठेवण्यास कचरतात. कारण नातेवाइकाचा रोग नातेवाइकाला लवकर जडतो. समुद्रातून पकडलेला नळीमासा स्वतः धडधाकट दिसतो, पण त्याच्या अंगावर वा आतड्यात असे जंतू आणि परोपजीवी असू शकतात, की ज्यांच्याशी पैदास केंद्रात जन्मलेल्या घोडामाशाची कधी गाठच पडलेली नसते. एवढेच नव्हे, तर दोन वेगवेगळ्या केंद्रांतून आणलेले घोडामासेसुद्धा एकत्र ठेवू नयेत असाच अनुभवी मंडळींचा सल्ला असतो. प्रत्येक केंद्रातील प्राणी तिथल्या जंतूंना सरावलेले असतात, दुसरीकडच्या जंतूंना नाही. ज्या घोडामाशाला घोडामाशाचीच सोबत द्यावी असे वाटते, तिथेही ही सोबत एका घरातलीच हवी.

जंतूंची गोष्ट निघाली म्हणून तापमानाचाही उल्लेख करावयास हवा. व्हिब्रिओ जातीचे जंतू घोडामाशाचे कायमचे वैरी आहेत आणि पाणी जितके उष्ण, तितकी त्यांची वाढ जोरात. म्हणून उष्ण कटिबंधातील घोडामाशांची टाकीही २२ ते २४ अंश सेल्सिअसवर ठेवण्याचा प्रघात आहे. आपला समुद्र याहून उबदार असतो आणि त्यात घोडामासा सुखाने राहतो, मग टाकीतच ही थंडाई कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर असे, की समुद्रात अफाट पाणी असते आणि जंतू त्यात विरून जातात. टाकी ही बंद खोली आहे. यातून शेजाऱ्याविषयीची आणखी एक अट निघते. ज्या माशांना २६-२७ अंशांचे ऊबदार पाणी मानवते, त्यांच्या सोयीसाठी टाकी उबदार ठेवली तर घोडामासा आजारी पडतो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरील मोठ्या पोटाच्या घोडामाशाला तर याहूनही थंड पाणी लागते. ही जात ३५ सेंटिमीटरपर्यंत वाढते. पाहुण्याच्या सोईनुसार यजमानाचे घर बदलू नये, हा नियम इथे शब्दशः लागू पडतो.

शेजारी निश्चित झाला तरी त्याला थेट टाकीत सोडावयाचे नसते. पाचसहा आठवडे त्याला वेगळ्या टाकीत ठेवून तो निरोगी असल्याची खात्री करून घ्यावी लागते. शिवाय घोडामाशाला आधी त्या टाकीत स्थिरावू द्यावे, शेजारी मागाहून आणावा. आधीचा रहिवासी जागेवर हक्क सांगतो, ही माशांचीही रीत आहे. एका जोडीसाठी शंभर लिटरहून अधिक पाणी आणि उंच टाकी लागते, कारण हा प्राणी आडवा न राहता उभा राहतो आणि प्रियाराधनाच्या वेळी नर-मादी एकमेकांसोबत वर-खाली तरंगतात. ही टाकी दोन घोडामाशांची, आणि शेजाऱ्यांची संख्या त्या मानानेच. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधावा, नाहीतर शेपटी आत ओढली जाते.

खाऊ घालण्याची एक सोपी युक्ती सर्वत्र वापरली जाते. शिंपल्याची वा काचेची एक उथळ बशी शांत कोपऱ्यात ठेवतात आणि गोठवलेला मायसिस, म्हणजे जवळ्यासारखाच दिसणारा बारीक जीव, वितळवून नळीने त्यात सोडतात. काही दिवसांत घोडामासे त्या बशीभोवती जमू लागतात. तत्पूर्वी टाकीच्या दुसऱ्या टोकाला इतर माशांना त्यांचे अन्न दिलेले असते. पंगती दोन, वाढपी एक. ही व्यवस्था असूनही एखादा शेजारी बशीवर येऊन सर्व फस्त करीत असेल, तर त्याला त्या टाकीतून हलवण्यावाचून गत्यंतर नाही.

विद्यार्थ्यांना मत्स्यालय दाखवू इच्छिणाऱ्या शिक्षकांनी म्हणूनच खाऊ घालण्याच्या वेळेची आधी चौकशी करून ठेवावी. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय पाहत महाराष्ट्राच्या अनेक पिढ्या मोठ्या झाल्या. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचे मत्स्यालय व संग्रहालय कोकणातील शाळांना परिचित आहे. अशा कोणत्याही ठिकाणी मुलांना पाटीवरची नावे उतरवून घेण्यास लावण्यापेक्षा घड्याळ धरून बसवावे. समोरचा मासा एका मिनिटात किती घास घेतो, ते मोजू द्यावे. कोणता मासा अन्नाकडे जातो आणि कोणता अन्नाची वाट पाहतो, ते लिहून काढू द्यावे. शेजार कोणाचा कोणाला मानवेल, हे मुले स्वतःच सांगू लागतील.

राहिला प्रश्न किनाऱ्यावरच्या गावांचा. आपल्या समुद्रातील घोडामासा बहुधा मुद्दाम पकडला जात नाही, तो इतर मासळीबरोबर जाळ्यात येतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार जगातील २१ देशांत मिळून दरवर्षी सुमारे ३ कोटी ७० लाख घोडामासे पकडले जातात, आणि त्यांतील बहुसंख्य असे अनाहूतच जाळ्यात सापडलेले असतात. तेथून पुढे ते मुख्यतः वाळवून औषधी व्यापारात जातात. गावात असा माल मागत फिरणारा कोणी आढळला, तर पंचायतीने वन विभागास कळवावे. परंतु त्याहून अधिक वेळा घडते ते निराळेच आणि तेही चांगल्या हेतूने. पहाटे जाळ्यात जिवंत घोडामासा दिसतो. कोळीदादा तो कौतुकाने बादलीत घालून शाळेत आणतात. गुरुजी किंवा बाई तो काचेच्या टाकीत सोडतात. मुलांच्या आनंदाला पारावार राहत नाही. त्याच टाकीत आणखी कोणी तरी जाळ्यातलेच दोनचार छोटे मासे आणि एखादी कुर्लीही सोडतो, घोडामाशाला एकटे वाटू नये म्हणून.

ती टाकी म्हणजे वर सांगितलेल्या सर्व चुका एकत्र. पाणी दुपारी तापते. मासे चपळ आहेत. कुर्ली तळाशी आहे. धरावयास खुंट नाही. समुद्रातून आलेला घोडामासा सहसा जिवंत आणि हलते सावजच ओळखतो, बारीक केलेली सुकट पाण्यात टाकली तरी तिच्याकडे तो पाहतही नाही. दोन दिवस तो काचेला तोंड लावून तरंगतो, आणि मुलांना वाटते तो आपल्याकडे पाहतो आहे. अशा वेळी शाळेने करावयाचे काम एकच, आणि ते त्याच दिवशी करावयाचे. पाणी थंड आहे तोवर बादली उचलून किनाऱ्यावर न्यावी. मुलांनाही बरोबर न्यावे. जिथे खडक आहेत, शेवाळ वा समुद्री गवत आहे आणि लाट फुटत नाही, अशी जागा पाहून बादली पाण्यात तिरपी करावी आणि त्याला आपणहून बाहेर पडू द्यावे. घाई करू नये. त्याला वेळ लागतो. तो आधी शेपटीने काही तरी धरील, मगच पुढे जाईल.